पंचरंगी काळातला एक हंगाम

क्रिकेटच्या मैदानावर संस्कृतच्या प्राध्यापकाचे काय काम, असा प्रश्न कुणालाही पडावा. परंतु रणजी करंडकावर महाराष्ट्राचे नाव प्रथम कोरले गेले ते १९३९-४० च्या हंगामात, आणि त्या संघाचे कप्तान होते पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर. वय अठ्ठेचाळीस. आपल्यापैकी पुष्कळजण या वयात जिना चढताना कठड्याला हात लावू लागतात!

महाराष्ट्र जिंकला एवढ्यावरच या हंगामाची थोरवी संपत नाही. ती कळायची, तर त्या वेळच्या मुंबईकडे पाहिले पाहिजे.

मुंबईत तेव्हा पंचरंगी सामन्यांचा थाट होता. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ आधीपासून होतेच; १९३७ मध्ये त्यांत पाचव्याची भर पडली. या चौघांत ज्यांना जागा नव्हती, त्या भारतीय ख्रिस्ती, ज्यू वगैरे खेळाडूंचा हा संघ. त्याचे नावच मुळी 'द रेस्ट', म्हणजे 'उरलेले'! पंगतीत चार पाने मांडून झाल्यावर पाचव्याला दाराशी पाट द्यावा, तसे ते नाव. सामन्यांना गर्दी मात्र अलोट. त्या मानाने १९३४-३५ मध्ये सुरू झालेली रणजी स्पर्धा म्हणजे गरीब घरची लेक. पण तिच्यात एक गुण होता. तिथे खेळाडूला त्याचा धर्म विचारीत नसत. तू कुठल्या प्रांताचा, एवढेच विचारीत.

महाराष्ट्राच्या संघात सांगलीचा एक अबोल तरुण होता, विजय हजारे. धर्माने ख्रिस्ती. त्या हंगामात पुण्याला बडोद्याविरुद्ध सामना झाला. आठ गडी बाद झाले, तेव्हा हजाऱ्यांच्या जोडीला आला नगरवाला हा पारशी खेळाडू. नववी जोडी म्हणजे लग्नघरातला शेवटचा पाहुणा. ती किती वेळ थांबणार? पण या जोडीने २४५ धावांची भागी केली! नगरवालाचे शतक दोन धावांनी हुकले. हजारे ३१६ धावा काढून नाबाद राहिले. प्रथम श्रेणीच्या सामन्यात त्रिशतक काढणारे ते पहिले भारतीय.

मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले असते. पुण्यात ते एका बाजूने पळत होते, आणि त्यांचा कप्तान होता संस्कृत शिकवणारा एक ब्राह्मण. देवधर स्वतः मुंबईला हिंदूंच्या संघातून खेळलेले. तेव्हा कुणी मोठा विचार करून हा संघ जमवला, असे म्हणण्याचे कारण नाही. प्रांत एक, म्हणून माणसे एकत्र आली. आणि एकत्र आली, म्हणून एकमेकांच्या उपयोगी पडली.

अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवले. पुढच्याच हंगामात, १९४०-४१ मध्ये, करंडक पुन्हा जिंकला. या वेळी मुंबईशी गाठ पडली, तेव्हा देवधरांनी स्वतः २४६ धावा काढल्या. महाराष्ट्राच्या ६७५ झाल्या. मुंबईने झुंज देत ६५० गाठल्या. अवघ्या पंचवीस धावांच्या आघाडीने मुंबईचा निकाल लागला! मग मद्रासला जाऊन अंतिम सामनाही सहा गड्यांनी मारला.

आता याच हजाऱ्यांचे दुसरे चित्र पाहा. डिसेंबर १९४३, मुंबई. 'उरलेल्यां'चा संघ हिंदूंविरुद्ध खेळत होता. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटा भाऊ विवेक याच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, आणि तीत विवेकच्या धावा होत्या एकवीस! एवढे करूनही संघ एका डावाने हरला. मागे कुणी नसले, म्हणजे त्रिशतकसुद्धा अपुरे पडते.

हे विभागणे बरे नव्हे, असे महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्ये जाहीरपणे सांगितले होते. तरी पंचरंगी सामने बंद पडायला १९४६ साल उजाडले. हजारे तोवर बडोद्याकडून खेळू लागले होते. मार्च १९४७ मध्ये, फाळणीला पाच महिने उरले असताना, रणजीच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद या दोघांनी बडोद्यासाठी चौथ्या जोडीची ५७७ धावांची भागी केली. बाहेर देश दुभंगत होता. मैदानावर एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान एकमेकांना हाक देऊन धावा चोरत होते. गुल महंमद नंतर पाकिस्तानात गेले.

महाराष्ट्राचे म्हणाल, तर त्या दोन वर्षांनंतर रणजी करंडक पुन्हा हाती लागलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम सामना गाठला, पण तो जिंकता आला नाही. देवधरांच्या नावाने १९७३-७४ पासून स्पर्धा सुरू झाली. ते स्वतः १९९३ मध्ये, एकशेएक वर्षांचे होऊन गेले.

आमच्या वसईकडे वटार, नाळे, निर्मळ या गावांतून 'हंगाम' हा शब्द अजून केळीच्या नि पानवेलीच्या वाड्यांतून ऐकू येतो. इथे देवळाची घंटा आणि चर्चची घंटा एकाच वाऱ्यावर येते. वाडीकराला ठाऊक असते, की चांगला हंगाम नुसत्या एका झाडामुळे येत नाही. पाणी, माती, शेजारच्या बांधावरचा माणूस, सगळ्यांचा हात लागतो. उद्या गावच्या मैदानावर पोरे संघ पाडू लागतील, तेव्हा एखाद्या वडीलधाऱ्याने त्यांना नगरवालाच्या त्या अठ्ठ्याण्णव धावांची गोष्ट जरूर सांगावी. हजाऱ्यांची ३१६ तर सगळ्यांनाच पाठ असते. पण पलीकडे नगरवाला उभा होता, म्हणून ती झाली.