घडणावळ कोणाची, किंमत कोणाची?

सराफाच्या दुकानातली पावती कधी नीट वाचली आहे काय? तिच्यात सोन्याचे वजन असते, त्या दिवसाचा भाव असतो आणि एक वेगळी ओळ असते घडणावळीची. पुढे दागिना मोडायला नेला तर सराफ घट धरतो, घडणावळ बुडते, पण सोने शिल्लक राहते. पेढीच्या मागे बसून डाग देणाऱ्या कारागिराला त्या घडणावळीतले किती मिळते हा प्रश्न आहेच. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने हजारो सोनारांची भट्टी विझवली, तेव्हा तो प्रश्न साऱ्या देशाने पाहिला. तरी हाताच्या कामाला त्या कागदावर एक ओळ आहे, एवढे खरे.

आता काचेचे मणी, कवड्या, जर्मन सिल्व्हरची पदके आणि दोरा यांची एक माळ घ्या. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल. त्यात नावापुरतीसुद्धा चांदी नसते. काचेला मोड येत नाही. म्हणजे या माळेत जे काही मोल आहे ते जवळजवळ सगळे घडणावळीचेच आहे. आणि गिऱ्हाईक नेमके तेच पाडून मागते. सराफाच्या पेढीवर घडणावळीबद्दल अवाक्षर न काढणारा सुशिक्षित माणूस रस्त्यावरच्या बाईशी दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटे हुज्जत घालतो. याला केवळ कंजूषपणा म्हणून चालणार नाही. कोणाच्या हाताच्या कामाला काम म्हणायचे आणि कोणाच्या नाही, हे आपल्या समाजाने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे.

या लेखात मी गोव्याच्या किनाऱ्यावर दागिने विकणाऱ्या लमाण बायांचा विचार करणार आहे. कळंगूट, बागा, हणजुणे इथे गेलेल्या प्रत्येकाने त्यांना पाहिले आहे. हातावर माळा, खांद्याला झोळी, वाळूत दिवसभर पायपीट. बहुतेकजणी उत्तर कर्नाटकातून येतात, विजापूर, गदग, कोप्पळ या बाजूंच्या तांड्यांवरून. पाऊस संपला की यायचे आणि उन्हाळ्याच्या अखेरीला परतायचे. परतून जायचे ते कोरडवाहू जमिनीकडे किंवा दुसऱ्याच्या बांधावर.

लमाण हे मुळात व्यापारी वाहतूकदार. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांनी दख्खन तुडवला, सैन्यांना रसद पुरवली. १८५३ नंतर आगगाडी पसरत गेली आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे रुळावर गेले. मिठावर सरकारचा ताबा होताच. धंदा गेला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे काही प्रांतांत याच लोकांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र पोलिसांच्या डोळ्यांत राहिला. भटक्या बाईच्या हाती चांदीची वस्तू दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘कुठून उचललीस?’ अशा बाईने चांदीचा व्यापार करायचा तरी कसा? मग काच आणि जर्मन सिल्व्हर उरते.

तांड्यावरच्या बाईच्या अंगावर पूर्वी खरी चांदी होती. केसांतल्या घुगऱ्या आणि टोपल्या, गळ्यातली हांसली, रुपयांच्या नाण्यांची माळ. दंडापर्यंतचे बलिया एके काळी हस्तिदंती असत, आता ते प्लॅस्टिकचे झाले. ही केवळ हौस नव्हती. जिचे घर बैलाच्या पाठीवर होते तिची पेढी अंगावरच असणार. दुष्काळ आला की एक नाणे सुटायचे, आजारपण आले की हांसली गहाण पडायची. सत्तरीच्या दशकात हणजुण्याला परदेशी तरुणांचा बाजार भरू लागला आणि जुन्या दागिन्यांना, नाण्यांना, आरशांच्या भरतकामाला गिऱ्हाईक मिळाले. आजीच्या अंगावरचे नातीने विकले. ते एकदाच विकता येते. त्यानंतर जे विकायचे ते ‘बंजारा पद्धतीचे’ म्हणून नव्याने करायचे, म्हणजे आपल्याच आजीची नक्कल करायची. ही नक्कल आता यंत्रावरही होते. राजकोटचा आणि मालाडचा साच्यातला माल त्याच वाळूवर, त्याच नावाने, निम्म्या किमतीत येतो. तो विकणाऱ्याही पुष्कळदा याच बाया असतात, कारण ओवत बसण्यापेक्षा आणून विकणे परवडते. हाताचे कौशल्य असे एखाद्या पिढीत नाहीसे होते आणि मग संग्रहालयवाले हळहळतात.

इथे थोडे मागे जायला हवे. दागिना म्हणजे सौंदर्य ही समजूत ज्यांच्या अंगावर सोने होते त्यांची. आपल्याकडे दागिना ही आधी ओळखण्याची खूण होती. चांडाळांचे अलंकार लोखंडाचे असावेत, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. ही जुनी पोथी झाली म्हणून सोडून देऊ नका. इंदूर भागातल्या बलाईंवर १९२८ च्या सुमारास गावकीने जे नियम लादले, त्यांत बलाई बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत हा एक नियम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये त्याची नोंद केली आहे. १९३० साली रामनाड जिल्ह्यात कल्लरांनी आदि-द्रविडांवर तेच बंधन घातले. केरळात पुलया बायांना दगडी मण्यांच्या माळा घालाव्या लागत. अय्यनकाळींच्या चळवळीत १९१५ साली कोल्लमच्या सभेत त्यांनी त्या तोडून टाकल्या. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या गोठपाटल्या टाका, त्यावरून तुमची जात ओळखली जाते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. पण गळसरी का टाकली हे आजीला नीट सांगता येत असे. तो तिचा इतिहासाचा धडा होता.

लमाणांचा इतिहास याहून वेगळा आहे. ते अस्पृश्यतेच्या त्याच आगीतून गेलेले नाहीत, आणि कर्नाटकात अनुसूचित जातींच्या अंतर्गत वाटणीवरून त्यांच्यात आणि होलेय-मादिगांत जो वाद आहे तो पोकळ नाही. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. मला इथे एवढेच दाखवायचे आहे की ज्या खुणेमुळे बाई खालची ठरली, तीच खूण आज शहरी घरातल्या मुली फॅशन म्हणून गळ्यात घालतात. खूण विकली गेली, पण तिच्यासोबत प्रतिष्ठा विकणाऱ्या बाईकडे आली नाही. दिवाणखान्यात माळेचे कौतुक होते आणि वाळूवर तीच बाई ‘त्रास’ असते.

आता हिशोब. पुढचे आकडे हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत, पण त्यांचा आकार खोटा नाही. समजा एका माळेला ४० रुपयांचे साहित्य लागले आणि ओवायला दोन तास गेले. बाईने १५० सांगितले, माळ ८० ला गेली. हाती राहिले ४०. दिवसात अशा पाच माळा गेल्या तर २००. त्यातून खोलीचे भाडे, बसभाडे, खाणे. ओवण्याचे दहा तास आणि चालण्याचे आठ तास एका दिवसात बसत नाहीत, म्हणून ओवण्याचे काम म्हातारीकडे आणि शाळेत असायला हव्या होत्या त्या मुलीकडे जाते. त्यांची मजुरी कुठेच धरलेली नाही. ती धरली तर धंदा तोट्यात निघेल. हा धंदा चालतो तो या न धरलेल्या मजुरीवर.

आणि ते ४० रुपयांचे साहित्य तरी रोखीने कुठे येते? काचेचे मणी उत्तर प्रदेशातून येतात. हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर त्यासाठी प्रसिद्ध आहे. वाराणसीतही ते होतात. तिथून बाईच्या झोळीपर्यंत तीन-चार हात लागतात. शेवटचा हात उधारीवर माल देणाऱ्याचा. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, आणि बाकी असेपर्यंत दुसऱ्याकडून माल घेता येत नाही. बँक का नाही? कारण झोळीतला माल तारण म्हणून कोणी ठेवून घेत नाही. आजीची हांसली गहाण पडू शकत होती, नातीची माळ पडू शकत नाही. अंगावरची पेढी विकून जो धंदा उभा केला, त्याला पेढीच उरली नाही. माझ्या मते या साऱ्या अडचणीचे मूळ इथे आहे. कारागिरी शिकवण्याची शिबिरे घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कारागिरी या बायांना येतेच.

सरकारने १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात १ लाख, पुढे २ लाख, ५ टक्के व्याजाने, विनातारण. योजना गरजेची आहे. पण तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत सोनार आहे, फुलांचे हार करणारा माळी आहे, टोपल्या आणि झाडू करणारे आहेत. मणी ओवून दागिने करणारी बाई मात्र त्या यादीत नाही. त्याच वर्षी जुलैत हंपीला जी-२० च्या बैठकीच्या वेळी ४५० हून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन मांडून गिनेसचा विक्रम केला गेला. तिथे ती राष्ट्राचा वारसा होती.

गोव्याच्या हद्दीत शिरली की ती कोण असते? कर्नाटकात लंबाणी ही अनुसूचित जात आहे, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत, तेलंगणात आणि आंध्रात अनुसूचित जमातीत. गोव्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत त्यांचे नाव नाही. एकच बाई, एकच भाषा, आणि घाट उतरला की दाखल्याचे मोल संपले. शिवाय गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे. २०२५ साली तो कडक करून दंड ५ हजारांपासून १ लाखापर्यंत नेला. त्यात उघड्यावर बाटल्या फोडणे आणि फिरून माल विकणे एकाच उपद्रवाच्या यादीत बसवले आहे. दिवसाला २०० रुपये सुटणाऱ्या बाईला किमान दंड ५ हजार, म्हणजे पंचवीस दिवसांची कमाई.

पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा मग कुठे गेला? तो मुख्यतः नगरांसाठी आहे, आणि किनारे बहुतेक ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात. त्यामुळे वाळूवर त्याचा आधार मिळणे कठीण. पण म्हापसा, मडगाव ही पालिकांची शहरे आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या बाया बसतात. तिथे, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात, कार्यकर्त्यांना या कायद्याची तीन कलमे तोंडपाठ हवीत. एक, सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे देईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. दोन, माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यावीच लागते, आणि न नासणारा माल मागणी केल्यापासून दोन कामकाजी दिवसांत परत करावा लागतो. मणी नासत नाहीत. तीन, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया.

मणी एकत्र खरेदी करण्यासाठी दहा-पंधरा जणींचा गट झाला तर उधारीचा फास सैल होईल, पण त्यालाही आधी कुठला तरी कागद लागतो. म्हणून सुरुवात सर्वेक्षणाच्या यादीत नाव घालण्यापासून करावी. ज्या शहरात यादी झाली आहे तिथे ती मागून पाहावी, आणि दागिने विकणाऱ्या लमाण, वैदू, गोसावी बायांपैकी किती जणी तिच्यात आल्या ते मोजावे. आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हे काम दोन रविवारांत होण्यासारखे आहे. अर्जावर पत्ता लिहायची जागा येते तेव्हा बहुतेकजणी थांबतात. तिथे तांड्याचा पत्ता लिहायचा की भाड्याच्या खोलीचा, हे पालिकेकडून आधी लेखी विचारून घ्यावे.