न दिसणाऱ्या खर्चाचे खाते

भुसार मालाची खरेदी करताना जाणता व्यापारी नेहमीच तूट धरतो. ओलावा उडेल, चाळणीत माती-खडा निघेल, पोती हलवताना काही दाणे सांडतील, हे त्याला ठाऊक असते. नेमके किती वजन घटेल ते खरेदीच्या दिवशी सांगता येत नाही. तरी घट होणारच असे मानून तो भाव ठरवतो. त्याच व्यापाऱ्याने गोदाम, दुकान किंवा घर बांधायला काढले, की मात्र तो ठेकेदाराकडून एकच आकडा मागतो आणि तेवढीच रक्कम बाजूला ठेवतो. पुढे आराखडा बदलावा लागला, की जादा रक्कम निघते ती व्यवसायाच्या खेळत्या भांडवलातून. इमारत उभी राहते. पण ऐन हंगामात माल भरायला पेढीजवळ पैसा उरत नाही.

आराखड्यामुळे वाढणाऱ्या खर्चाची तरतूद आधीच का करावी, हे एका जगप्रसिद्ध वास्तूच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

सिडनीचा धडा

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या ऑपेरा हाऊससाठी खुली स्पर्धा घेण्यात आली. तिच्यात २३३ आराखडे आले आणि १९५७ मध्ये डेन्मार्कचे वास्तुविशारद यॉर्न उट्झोन यांची निवड झाली. नंतरच्या डॉलर चलनात सांगायचे, तर प्रारंभीचा अंदाज ७० लाखांचा होता आणि काम १९६३ च्या आरंभी पुरे व्हावयाचे होते. प्रत्यक्षात उद्घाटन झाले २० ऑक्टोबर १९७३ रोजी आणि खर्च झाला १० कोटी २० लाख डॉलर. म्हणजे अंदाजाच्या चौदा पटींहून अधिक!

या वाढीचे एक मोठे कारण कामाच्या क्रमात होते. छतावरील शिडांसारखी कवचे कशी उभी करावयाची, हे ठरलेले नसतानाच १९५९ मध्ये बांधकाम सुरू झाले. राज्याचे मुख्यमंत्री जोसेफ काहिल यांना आरंभ लांबू द्यावयाचा नव्हता. पैसा अडला किंवा लोकमत फिरले, तर योजनाच बारगळेल अशी धास्ती होती. कवचांचे आकार पुनःपुन्हा आखावे लागले. अखेर १९६१ मध्ये सर्व कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून घेतल्याप्रमाणे आखण्याचा उपाय सापडला. त्यामुळे एकसारखे भाग साच्यात ओतून घेणे शक्य झाले. परंतु तोवर खाली उभारलेले खांब या छताचा भार पेलण्याइतके भक्कम नव्हते. ते नव्याने बांधावे लागले. जे काम कागदावर खोडून दुरुस्त झाले असते, ते काँक्रीट फोडून करावे लागले.

खर्चावरून तंटे वाढले. नव्या सरकारने पैसे अडवून धरले आणि १९६६ मध्ये उट्झोन यांनी काम सोडले. त्यानंतर मुख्य सभागृहाचा उपयोगच बदलण्यात आला आणि रंगमंचाची बसवलेली यंत्रसामग्री काढून टाकावी लागली.

तीन कारणे, तीन खाती

सिडनीचा आवाका फार मोठा. पण लहान गोदामातही आराखड्याचा खर्च अशाच वाटांनी वाढतो. पहिली वाट जमिनीची. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खोदल्यावर मुरूम अपेक्षेपेक्षा खोल लागला, तर पायाचा आराखडा बदलतो आणि सळई, सिमेंट, मजुरी हे सारेच वाढते. दुसरी वाट मालकाच्या इच्छेची : मधेच एक मजला वाढवावासा वाटणे, जिन्याची जागा बदलणे. तिसरी वाट आराखडा करणाऱ्याच्या चुकीची किंवा विसरलेल्या बाबीची.

या तिन्ही खर्चांचा भार एकाच रकमेवर टाकू नये. राखीव रक्कम मुख्यतः पहिल्या कारणासाठी आणि किरकोळ सुटलेल्या बाबींसाठी असावी. इच्छेचा खर्च मालकाने वेगळा काढावा. तसे केले म्हणजे प्रत्येक इच्छेची किंमत डोळ्यांसमोर राहते. चुकीचा भार कोणी सोसावयाचा, हे वास्तुविशारदाशी व स्थापत्य अभियंत्याशी होणाऱ्या करारात आधीच लिहावे. किती वेळा नकाशे बदलून देणे ठरलेल्या शुल्कात येते, तेही त्यातच नमूद असावे.

रक्कम किती ठेवावी? सरकारी अंदाजपत्रकांत आकस्मिक खर्चासाठी सामान्यतः ३ ते ५ टक्क्यांची तरतूद आढळते. पण तेथे नकाशे बरेचसे तयार असतात. खासगी कामात नकाशे जितके अपुरे, तितकी तरतूद मोठी हवी. समजा, काम एक कोटीचे आहे. केवळ कच्चा आराखडा हाती असताना दहा ते पंधरा लाख राखून ठेवणे वावगे नाही. माती परीक्षण होऊन सर्व नकाशे पुरे झाले, की हीच रक्कम सहा-सात लाखांवर आणता येते. पाया जोत्यापर्यंत आला, की आणखी कमी. म्हणून माती परीक्षणाचा खर्च वाचवणे हा खोटा हिशेब होय.

ही रक्कम ठेकेदाराच्या दरात मिळवू नये. तिचा ताबा मालकाकडेच राहावा. जादा कामाचे दर कसे ठरतील हे करारातच असावे आणि लेखी आदेशाशिवाय एकही बदल होऊ नये. तोंडी सांगितलेल्या बदलाचे बिल पुढे वादाचे मूळ ठरते. हिशेबात विलंबही धरावा : नकाशा येईपर्यंत थांबलेले मजूर, कर्जाचे व्याज आणि जुन्या जागेचे चालू भाडे.

समाजाच्या देणग्यांतून उभ्या राहणाऱ्या धर्मशाळा किंवा वसतिगृहाच्या बाबतीत तर हे अधिकच जपावे लागते. एकूण आकडा मोठा दिसू नये म्हणून विश्वस्त राखीव रक्कम वगळतात आणि अर्ध्या कामावर पुन्हा त्याच दात्यांच्या दारी जावे लागते. त्यापेक्षा पहिल्याच सभेत राखीव रकमेची बाब स्वतंत्र ओळीत मांडावी, तिचा प्रत्येक खर्च रोजमेळात दाखवावा आणि उरलेली रक्कम कशी वापरली तेही सांगावे. आकडा मोठा दिसला, तरी विश्वास टिकतो.

उट्झोन सिडनी सोडून गेले ते पुन्हा परतले नाहीत. २००७ मध्ये ती वास्तू जागतिक वारसा यादीत आली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतः कल्पिलेली ती इमारत पूर्ण झालेली त्यांनी कधीच डोळ्यांनी पाहिली नाही. पहिली कुदळ मारण्यापूर्वी छताचे गणित पुरे करण्यास काही काळ मिळाला असता, तर खांब पाडण्याची वेळ कदाचित आली नसती.