घरी काय करावं, काय करू नये

ट्रॅक्टरच्या टायरची घरची देखभाल म्हणजे पंक्चर काढणं, असा समज आहे. टायरचं आयुष्य मात्र त्याहून जास्त हवेच्या दाबावर ठरतं. शेतात मागच्या चाकात साधारण 12 ते 14 पौंड हवा असते. एवढ्या कमी दाबाने टायर जमिनीवर पसरतो, पकड धरतो आणि माती कमी दाबली जाते. पण त्याच हवेवर उसाची भरलेली ट्रॉली डांबरीवर ओढली, की बाजूची भिंत वाकून तापते, आतले दोरे तुटतात. हवा फारच उतरली, तर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतला भारानुसारचा दाब पाहावा, टायर थंड असताना हवा गेजने मोजावी. चाकात पाणी भरलेलं असेल, तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणूनच.

जाणकार म्हणतात, टायरवर हातोडी मारली की हवा कळते. पण जाड टायरमध्ये चार-पाच पौंडांचा फरक आवाजावरून कळत नाही, आणि 12 पौंडांत तो फरक फार मोठा आहे. दुरुस्तीचं दुकान गावापासून लांब असतं, प्रत्येक वेळी तिथे जाणं जमत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. तेव्हा खिळा काढून ट्यूबला ठिगळ जरूर लावावं. पण बाजूच्या भिंतीला चीर असेल किंवा कड रिंगवर बसत नसेल, तर हात आवरावा. कड बसवायला 35 पौंडांपुढे हवा भरत गेलं, तर कड फुटून माणूस जिवाला मुकू शकतो.