सुईची भीती घालवू, दवाखाना टाळू नका

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या लेकरांना रक्त तपासणीसाठी, सलाईनसाठी वारंवार सुई टोचावी लागते. शेगावच्या वस्त्यांत आम्ही पाहतो, लेकरू रडले की चौघे त्याला दाबून धरतात, वरून दम देतात. भीतीने दुखणे वाढते. मग ते लेकरू दवाखान्याचे नाव काढताच पळते.

अमेरिकेत सिएटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ पासून भाजलेल्या रुग्णांसाठी एक उपाय सुरू केला. मलमपट्टी करताना डोळ्यांवर व्हीआर चष्मा लावतात. त्यात बर्फाची दरी दिसते, रुग्ण बर्फाचे गोळे फेकत खेळतो. मन खेळात गुंतले की वेदनेकडे लक्ष कमी जाते. औषध चालूच राहते, चष्म्याची त्याला जोड मिळते.

चष्मा नसला तरी लक्ष गुंतवणे आपल्या हातात आहे. लसीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साधे उपाय सांगितले:

• अंगावर पिणाऱ्या बाळाला सुईच्या वेळी किंवा जरा आधी पाजा.
• लहान लेकराला आडवे न दाबता मांडीवर घेऊन बसा.
• सहा वर्षांखालील मुलाला खेळणे, व्हिडिओ किंवा गप्पांत गुंतवा.

आमचे आणखी एक सांगणे: ‘दुखणारच नाही’ असे खोटे बोलू नका आणि सुईचा धाक दाखवू नका.

दुःखाला कारण असते, ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण. नर्सला सांगा, ‘ताई, लेकराला मांडीवर घेते, मग टोचा.’ असे सांगण्यात संकोच नको. सिकलसेलच्या लेकराला ताप आला, अंग ठणकले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.