घरी जाणारे पंचवीस डॉलर

घरातला कर्ता पुरुष रोज सकाळी कामाच्या शोधात निघतो आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परततो. आज चुलीवर काय चढवायचे, हा प्रश्न घरातल्या बाईला पडतो. १९३३ साली अमेरिकेतल्या लाखो घरांची हीच अवस्था होती. दर चार कामकऱ्यांपैकी जवळपास एक बेकार होता.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ ही योजना सुरू केली. गरजू घरांतल्या अविवाहित तरुणांना छावणीत राहणे, जेवण, कपडे आणि महिना ३० डॉलर मिळत. त्यातले साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. मुलाच्या हाती उरत पाचच!

टेनेसी राज्यातले कंबरलँड माउंटन स्टेट पार्क हे अशाच मुलांच्या मेहनतीचे फळ. खाणी आणि लाकूडतोडीचे काम गेल्याने उघड्यावर आलेल्या सुमारे २५० कुटुंबांसाठी सरकारने तेथे वसाहत उभारली. त्यांना चार घटका विरंगुळा मिळावा म्हणून हे उद्यान झाले. मुलांनी त्याच भागातला दगड फोडला, घडवला आणि बर्ड क्रीक या ओढ्यावर सात कमानींचा बांध घातला. पाणी अडले आणि सुमारे ५० एकरांचे तळे तयार झाले.

या कामाचे अधीक्षक होते पहिल्या महायुद्धात नाव कमावलेले ॲल्विन यॉर्क. स्वतःचे शिक्षण जेमतेम, म्हणून डोंगराळ भागातल्या मुलांसाठी त्यांनी आधीच शाळा काढली होती. या योजनेच्या छावण्यांतही कामानंतर वर्ग भरत. हजारो निरक्षर तरुण तेथे लिहायला-वाचायला शिकले. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला आता चार ओळींचे पत्रही लिहिता येऊ लागले.

एक गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. कृष्णवर्णीय तरुणांना बहुतेक वेगळ्या छावण्यांत ठेवले जाई आणि मुलींना या योजनेत जागाच नव्हती. भूक सर्वांना सारखीच लागत होती, दार मात्र सारखे उघडले नाही.

१९४२ साली योजना बंद झाली. तळे आजही भरलेले आहे. लोक तेथे मुलाबाळांसह येतात, होड्या वल्हवतात, मासे धरतात. खैरात मिळाली असती, तर चार दिवसांत संपली असती. काम मिळाले, म्हणून घरची चूलही पेटली, मुलाची मानही ताठ राहिली आणि पुढच्या पिढ्यांना तळे मिळाले.

आपल्या घरात मुलाची किंवा मुलीची पहिली कमाई येईल, त्या दिवशी ही हकीकत त्यांना जरूर सांगा.