बालकांचे भावशिक्षण आणि मराठी क्रियापदे : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

लहान मुलांना स्वतःच्या भावना ओळखण्यास, त्या सांगण्यास व आवरण्यास शिकविणे हे शाळेचे व घराचे काम होय, हा विचार गेल्या तीन-चार दशकांत शिक्षणशास्त्रात दृढ झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शाळांसाठी सुचविलेल्या जीवनकौशल्यांत भावनांशी जुळवून घेण्याचा स्वतंत्र समावेश आहे. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही बालशिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात सामाजिक व भावनिक विकासास स्थान दिले आहे. या विषयाची चर्चा बहुधा मानसशास्त्राच्या परिभाषेत होते. तथापि भावना ओळखणे म्हणजे प्रथमतः तिला नाव देता येणे, आणि नाव हे कोणत्या तरी भाषेतलेच असते. त्या भाषेची घडण कशी आहे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

बीड जिल्हा या चर्चेसाठी दोन कारणांनी विशेष महत्त्वाचा ठरतो. पहिले असे की, २००९ साली शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम याच जिल्ह्यातील सुमारे ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला व पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने इतर जिल्ह्यांत पसरला. त्याचे अधिष्ठान भारतीय संविधानातील मूल्ये हे असले, तरी त्याची पद्धत उपदेशाची नसून जोडीने व लहान गटात बोलण्याची, ऐकण्याची व खेळण्याची आहे. दुसरे कारण अधिक जुने व अधिक कठोर आहे. बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती ‘कोयत्या’वर, म्हणजे पतिपत्नीच्या जोडीवर, त्यामुळे आई व वडील दोघेही एकदमच घर सोडतात. मुले एक तर त्यांच्यासह फडावरच्या कोपीत राहतात, किंवा गावी आजी-आजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहात. तेव्हा ‘शाळा आणि घर’ असे जेथे म्हटले जाते, तेथे बीडच्या अनेक मुलांच्या बाबतीत वर्षाचे पाच-सहा महिने ‘शाळा आणि आजी’ असे वाचावे लागते.

आता भाषेकडे वळू. मराठी मूल ‘मी राग आहे’ असे म्हणत नाही आणि सहसा ‘मी क्रोधित आहे’ असेही म्हणत नाही. ते म्हणते, ‘मला राग आला’. येथे ज्याला भावना होते तो कर्ता नाही. त्याचे सर्वनाम चतुर्थीत आहे, आणि वाक्याचा कर्ता राग हा आहे. दक्षिण आशियातील अनेक भाषांत ही रचना आढळते. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात ती या भाषाक्षेत्राचे एक लक्षण म्हणून मांडली, आणि १९९० साली मनींद्र वर्मा व के. पी. मोहनन यांनी संपादित केलेला एक संपूर्ण ग्रंथ अशा अनुभवक-कर्त्यांवर आहे. मराठीत राग येतो, रडू येते, आठवण येते, कंटाळा येतो. भीती वाटते, लाज वाटते, वाईट वाटते. आनंद होतो, दुःख होते. जी गोष्ट येते ती जातेही, हे या क्रियापदात अनुस्यूत आहे. भावना म्हणजे आपण नव्हे, ती आपल्याकडे आलेली एक अवस्था आहे, हे तत्त्व इतरत्र मुलांना प्रयत्नाने समजावून द्यावे लागते. मराठी मुलाला ते वाक्यरचनेतच मिळालेले असते. (‘राग’ या शब्दाचा प्रवासही लक्षणीय आहे. संस्कृतात मुख्यत्वे रंग व आसक्ती सांगणारा हा शब्द मराठीत नेमका क्रोधवाचक झाला. ‘अनुराग’ मात्र जुन्या घरीच राहिला.)

परंतु हीच भाषा दुसरे एक साधन मोठ्या माणसांच्या हाती देते, ते विशेषणांचे. रागीट, चिडखोर, रडका, भित्रा, घाबरट, हट्टी, भांडखोर ही यादी हवी तेवढी लांबविता येईल. ‘त्याला राग आला आहे’ या वाक्यात एक घटना आहे. ‘तो रागीट आहे’ या वाक्यात घटना संपून स्वभाव उरतो, आणि मुलाच्या हाती करण्यासारखे काही राहत नाही. वर्गात व अंगणात दिवसभर उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांत या दुसऱ्या प्रकारचे प्रमाण किती असते, हे कोणत्याही शिक्षकाने एक दिवस कान देऊन मोजून पाहावे. भावशिक्षणाच्या तासाला ‘राग येणे स्वाभाविक आहे’ असे सांगणारा शिक्षक मधल्या सुटीत ‘भांडखोर आहेस’ म्हणत असेल, तर मूल दुसरेच वाक्य लक्षात ठेवील.

आलेल्या रागाचे पुढे काय होते, यासाठीही मराठीत क्रियापदांची एक मालिकाच आहे. राग धरला जातो, मनात ठेवला जातो, दुसऱ्यावर काढला जातो, गिळला जातो, आवरला जातो. तो निवळतो, उतरतो. यांपैकी ‘गिळणे’ व ‘आवरणे’ यांतील भेद शिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. गिळलेला राग दिसेनासा होतो, पण आतच असतो. ‘आवरणे’ हे क्रियापद आपण घर, केस, पसारा यांच्याविषयीही वापरतो. त्यात वस्तू नाहीशी करणे नसून तिला जागेवर लावणे आहे. ‘गप्प बस’, ‘रडू नकोस’, ‘मुलीसारखा काय रडतोस’ ही वाक्ये मुलाला गिळायला शिकवितात. आवरण्यासाठी आधी काय पसरले आहे ते सांगता आले पाहिजे. या बाबतीत प्रयोगनिष्ठ पुरावाही उपलब्ध आहे. मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले की, भावनादर्शक चेहऱ्याला शब्दाने नाव दिले असता मेंदूतील अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया मंदावते. ज्युडी डन व सहकाऱ्यांच्या १९९१ च्या अभ्यासात असे आढळले की, ज्या घरांत तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मुलांशी भावनांविषयी अधिक बोलणे झाले होते, त्या घरांतील मुलांना सहाव्या वर्षी इतरांच्या भावना अधिक चांगल्या ओळखता आल्या. पहिला अभ्यास प्रौढांवरील आहे व दुसरा इंग्रजी कुटुंबांतील. तेव्हा ते बीडला जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल. परंतु दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे.

मग नाव कोणत्या शब्दाने द्यावयाचे? अशा शिक्षणात जगभर वापरला जाणारा चेहऱ्यांचा तक्ता पुढे ठेवला, की त्यात आनंद, दुःख, राग, भीती, फार तर आश्चर्य व किळस एवढे चेहरे असतात. ॲना विर्झबिका यांनी १९९९ च्या ग्रंथात आक्षेप घेतला तो यालाच : इंग्रजीतील भावनावाचक शब्द सर्व मानवजातीच्या भावनांचे माप म्हणून वापरता येत नाहीत. मराठीपुरते बोलावयाचे तर या तक्त्यात ‘रुसणे’ कोठे आहे? रुसणे हे दुःखही नव्हे व रागही नव्हे. मूल कोणावर तरी रुसते, आणि ज्याच्यावर रुसावे त्याने समजूत काढावी ही अपेक्षा त्या क्रियापदातच आहे. परक्यावर कोणी रुसत नाही. हिरमुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, बुजणे हे शब्दही असेच तक्त्याबाहेर राहतात. आणि बीडच्या मुलासाठी सर्वांत महत्त्वाचा जो शब्द, तोही तेथे नसतो.

तो शब्द म्हणजे ‘करमणे’. ‘उजाडले’, ‘मळमळते’ यांसारख्या ज्या क्रियापदांना स्पष्ट कर्ता नसतो आणि ज्यांना मराठी व्याकरणकार भावकर्तृक म्हणतात, त्यांच्या पंक्तीत ते बसते. ‘मला करमत नाही’ या वाक्यात काय करमत नाही, हे सांगता येत नाही. कंटाळा, आठवण, रितेपणा, जागेशी न जुळणे हे सारे त्यात एकत्र येते, आणि कोणा एकावर दोष येत नाही. मायबाप फडावर गेलेल्या मुलाची अवस्था इतक्या नेमकेपणाने सांगणारा शब्द दुसऱ्या भाषांना हेवा वाटावा असा आहे. मराठवाड्यातील मूल तो ‘करमंना’ असा उच्चारते.

येथेच शाळेची एक नित्याची क्रिया तपासून पाहणे आवश्यक ठरते. मूल ‘मला करमंना’ म्हणते आणि शिक्षक ‘करमंना नव्हे, करमत नाही असे म्हण’ अशी दुरुस्ती करतात. मुलाने सांगितलेला अर्थ बाजूस राहून त्याच्या शब्दाचे रूप तेवढे तपासले जाते, आणि पुढील वेळी मूल काहीच न सांगण्याची शक्यता वाढते. शिवाय ही दुरुस्ती भाषाशास्त्रदृष्ट्याही योग्य नाही. ‘करमंना’ हे प्रमाण मराठीतील ‘करमेना’ या रूपाचे प्रादेशिक रूप होय, आणि ‘करमेना’ व ‘करमत नाही’ हे समानार्थी नाहीत. ‘मूल जेवत नाही’ ही नुसती नोंद आहे. ‘मूल जेवेना’ म्हणजे भरवून पाहिले, तरीही जेवत नाही. ‘दार उघडत नाही’ व ‘दार उघडेना’ यांतही हाच भेद आहे. तेव्हा ‘करमंना’ म्हणणारे मूल आपण मन रमविण्याचा प्रयत्न करून पाहिला व तो फसला, हे एका प्रत्ययात सांगत असते. दुरुस्तीने नेमका हाच अर्थ पुसला जातो.

शाळेची भाषा घरच्या भाषेहून निराळी असण्याचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात शिक्षणाचे मुख्य माध्यम उर्दू होते. आजही तांड्यांवरील बंजारा मुलांची मातृभाषा गोरमाटी आहे, आणि तिचे नाते मराठीपेक्षा राजस्थानी बोलींशी अधिक जवळचे आहे. अशा मुलाकडून पहिल्याच वर्षी भावना मराठीत सांगण्याची अपेक्षा धरणे म्हणजे जड वस्तू दुप्पट जड करणे होय. तांड्यातील एखाद्या मोठ्या मुलीस किंवा सेविकेस ते शब्द विचारून फळ्यावर देवनागरीत लिहिणे यास खर्च काही नाही. जोडीने बोलण्याची ‘मूल्यवर्धन’सारखी पद्धत येथे उपयोगी पडते, कारण सवंगड्याशी बोलताना मूल प्रमाण भाषेच्या धाकाबाहेर असते, शिक्षकाने फक्त त्या बोलण्यात रूपांची दुरुस्ती करू नये.

घराकडे पाहिले तर आजीजवळ शब्दांची वाण नाही. ‘पोटात गोळा आला’, ‘छातीत धस्स झालं’, ‘तोंड उतरलं’, ‘गळा दाटून आला’ असे शरीराच्या अंगाने भावना सांगणारे वाक्प्रचार तिच्या बोलण्यात सहज येतात, आणि लहान मुलाला भावना प्रथम कळते ती शरीरातच. अडचण शब्दांची नसून प्रसंगाची आहे. रात्री फडावरून फोन येतो तेव्हा आजी व आई दोघींचाही प्रयत्न मूल रडू नये असाच असतो. दोन मिनिटांत ‘जेवलास का’, ‘शाळेत जातोस ना’ एवढेच मावते. ‘करमंना का रे?’ हा प्रश्न विचारला तर मूल रडेल, हे खरे आहे. न विचारल्याने ते कमी रडते असे मात्र नाही, ते फोन ठेवल्यावर रडते. येथे एक मर्यादा स्पष्ट करणे इष्ट आहे. भावनेला नाव दिल्याने आई परत येत नाही. स्थलांतराची कारणे पाण्यात, उचलीत व रोजगारात आहेत, आणि भावशिक्षण हा त्यांवरील उपाय म्हणून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल.

हंगाम संपतो तेव्हाचा प्रसंगही विचारात घेण्यासारखा आहे. जेम्स रॉबर्टसन व जॉन बोल्बी यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णालयात एकट्या राहिलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले. आई परत भेटल्यावर काही मुले तिच्याकडे पाठ फिरवीत, असे त्यांना आढळले. परिचित व मायेच्या माणसाजवळ ठेवलेल्या मुलांत ही अलिप्तता सौम्य असते, हे रॉबर्टसन दांपत्याच्या नंतरच्या कामातून दिसले. आजीचे महत्त्व त्यावरून लक्षात यावे. चैत्रात घरी आलेल्या आईने हात पुढे केला आणि मूल आजीच्या पदराआड गेले, तर ‘विसरलं ग मायला’ असे बोलले जाते, आणि ते आईच्या जिव्हारी लागते. मराठीत याला दुसरे क्रियापद आहे. मूल विसरलेले नसते, ते रुसलेले असते. पाच महिने ज्याच्यावर रुसावे असे कोणी समोर नव्हते.