सरताज कोण?

अमीन सायानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, तेव्हा मला माझी जुनी वही आठवली. १९५२ साली सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ आमच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, दर बुधवारी रात्री आठला ऐकली जाई. सिलोनचा आवाज लाटेसारखा येई-जाई. सायानी ‘पायदान’ सांगायचे आणि नेमका तिथेच खरखराट! मग आम्हा भावंडांत भांडणं. क्रम रेकॉर्डींच्या खपावर आणि श्रोता संघांच्या पसंतीवर ठरे, तरी मी दर आठवड्याला वहीत भाकितं लिहीत असे.

१९७५ चा डिसेंबर. वर्षाचं ‘सरताज गीत’ कोणतं, यावर घरात पैज लागली. मी किशोरकुमारचं एक प्रेमगीत लिहिलं. मागल्या वर्षी त्याच्याच ‘कोरा कागज़’च्या शीर्षकगीतानं बाजी मारली होती ना! आई चूल फुंकता फुंकता म्हणाली, “महागाईचं गाणं येतंय बघ.”

‘रोटी कपडा और मकान’मधली ती लांबलचक कव्वाली? मी हसलो. पण बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया आमच्याच गल्लीत होत्या, आणि रेशनच्या रांगेत आई त्यांच्याबरोबर उभी राहत होती. मी रांगेत कधी गेलोच नव्हतो. (पुढे बँकेत कर्जांचे अंदाज बांधतानाही मी पुष्कळदा वहीच बघत बसलो, ते असो.)

सरताज ठरली ती कव्वालीच. पैजेप्रमाणे महिनाभर साखरेच्या रांगेत मी उभा राहिलो. पुढची मावशी पिशवी झुलवत तेच गुणगुणत होती.